हीटिंग चालू आहे पण गरम हवा पोचत नाही: डक्टच्या सिस्टिमबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ऑफिस, शोरूम, शाळा, गोदाम अशा ठिकाणी डक्टमधून गरम हवा देणारी सिस्टिम जे सांभाळतात, म्हणजे मेंटेनन्सवाले, बिल्डिंग मॅनेजर, नवीन टेक्निशियन, त्यांच्याकडून थंडी सुरू झाली की हेच प्रश्न येतात, म्हणून सगळे एका जागी लिहिलेत.

हीटर चालू आहे, ब्लोअरचा आवाजही येतो, तरी अर्ध्या खोल्या थंडच. हीटर लहान पडतोय का?

शक्यता कमी आहे. हीटर खरंच लहान असेल तर सगळी बिल्डिंगच थोडीथोडी थंड राहते, आणि तेही कडाक्याच्या थंडीतच. एक खोली भट्टी आणि शेजारची गारठलेली, असं असेल तर उष्णता तयार होतेय पण वाटली जात नाहीये, म्हणजे प्रॉब्लेम हवेचा आहे. सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा इथेच वाया जातो, कारण लोक थर्मोस्टॅट वाढवतात, मग बर्नर बदलतात, मग कंट्रोल बोर्ड बदलतात आणि डक्टकडे शेवटी बघतात. क्रम उलटा ठेवा. आधी हवा मोजा.

मग सुरुवात कुठून करायची?

हवा जशी फिरते त्याच रस्त्याने जायचं. रिटर्न ग्रिल (खोलीतली हवा परत ओढून घेणारी जाळी), फिल्टर, कॉइल, ब्लोअर, हीटर, मेन डक्ट, ब्रांच, डॅम्पर (हवा कमीजास्त करणारं डक्टमधलं पातं), डिफ्यूझर (खोलीत हवा सोडणारी जाळी) आणि परत खोलीतून रिटर्न. आणि काहीही हलवायच्या आधी आहे ते लिहून ठेवा, डॅम्परच्या हँडलची पोझिशन मार्करने डक्टवरच खूण करून ठेवली तर अजून चांगलं. एकदा चार डॅम्पर इकडेतिकडे केले की मूळ काय होतं ते कुणालाच आठवत नाही.

हत्यारं फार लागत नाहीत. दोन थर्मामीटर, हवेचा दाब मोजायला एक डिजिटल मॅनोमीटर, अँपिअर मोजायला एक क्लॅम्प मीटर. किती हवा येते ते मोजणारा, डिफ्यूझरवर ठेवायचा फ्लो हूड मिळाला तर उत्तम, नाहीतर हवेचा वेग मोजणाऱ्या हॉट वायर अॅनिमोमीटरने तुलना तरी करता येते. पॅनल उघडण्याआधी मेन स्विच बंद करून कुलूप आणि टॅग लावायचाच, कारण ब्लोअर टायमरवर किंवा कंट्रोल सिस्टिमवर असतो आणि तुमचा हात आत असताना सुरू होऊ शकतो.

स्टॅटिक प्रेशर नक्की कुठे मोजायचं आणि त्यातून काय कळतं?

स्टॅटिक प्रेशर म्हणजे डक्टमधल्या हवेचा दाब, सिस्टिमला रक्तदाब असता तर तो हाच. युनिटमध्ये हवा शिरते तिथे एक भोक आणि युनिटमधून बाहेर पडते तिथे एक भोक, दोन्हीकडचं प्रेशर घ्यायचं. रिटर्नकडे ते उणे येतं, सप्लायकडे अधिक येतं, चिन्ह सोडून दोन्हींची बेरीज करा, ते झालं टोटल एक्स्टर्नल स्टॅटिक. हा आकडा युनिटच्या प्लेटवर किंवा मॅन्युअलमधल्या ब्लोअर टेबलशी ताडून बघायचा. एक इंच वॉटर म्हणजे साधारण २४९ पास्कल, त्यामुळे मीटर इंचात दाखवो की पास्कलमध्ये, हिशोब जमतो.

खरी मजा पुढे आहे. बेरीज जास्त आली तर ती कुठल्या बाजूने जास्त आहे ते बघा. रिटर्नची बाजू जड असेल तर फिल्टर, लहान रिटर्न डक्ट, बंद पडलेला डॅम्पर. सप्लायची बाजू जड असेल तर कुठेतरी पुढे अडलंय. आणि दोन्हीकडे प्रेशर कमी, हवाही कमी, असं असेल तर अडथळा शोधत बसू नका, ब्लोअरच नीट काम करत नाहीये. प्रेशर कमी पण युनिटमधून हवा मात्र भरपूर जातेय, तर मोठी गळती शोधा, एखादा जॉइंट सुटलेला असतो. एवढ्या दोन भोकांवरून अर्धं निदान होतं, आणि भोकं नंतर रबरी प्लगने बंद करायला विसरू नका.

फिल्टर तर आत्ताच बदलला, मग तो कारण कसा असेल?

कुठला टाकलात ते बघा. आधी मर्व्ह ८ होता (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक धूळ पकडतो त्याचा नंबर) आणि आता कुणीतरी हवा शुद्ध राहावी म्हणून त्याच फ्रेममध्ये त्याच जाडीचा मर्व्ह १३ बसवला असेल, तर कोरा फिल्टरसुद्धा जास्त अडवू शकतो. चांगला फिल्टर टाकायचाच असेल तर जास्त जाडीचा, जास्त घड्यांचा घ्या म्हणजे क्षेत्रफळ वाढतं आणि प्रेशर ड्रॉप आटोक्यात राहतो. फिल्टर कधी बदलायचा हे तारखेपेक्षा प्रेशर ड्रॉपवर ठरवलेलं बरं, बनवणाऱ्याने शेवटचा आकडा दिलेला असतो.

फिल्टरच्या मागची कूलिंग कॉइलसुद्धा टॉर्च मारून बघा. फिल्टर आणि फ्रेममध्ये फट असली तर सगळी धूळ त्या फटीतून जाऊन कॉइलवर बसते. उन्हाळ्यात ओली झालेली धूळ हिवाळ्यात गोधडीसारखी चिकटून राहते आणि समोरून बघितलं तर कॉइल स्वच्छ दिसते, घाण आतल्या बाजूला असते.

ब्लोअर जोरात फिरतोय पण डिफ्यूझरवर हात धरला तर हवा नाहीच. असं कसं?

हा प्रश्न फार वेळा येतो आणि कारणं ठरलेली आहेत. सगळ्यात फसवं कारण म्हणजे उलटी दिशा. थ्री फेज मोटरच्या दोन वायर अदलाबदल झाल्या की मोटर उलटी फिरते, पण सेंट्रिफ्यूगल ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच बाजूने बाहेर टाकतो, फक्त खूपच कमी टाकतो. त्यामुळे आवाज आहे, वारा आहे, कुणाला शंका येत नाही. मोटर बदलली, पॅनलमध्ये काम झालं, मेन केबल बदलली आणि त्यानंतर तक्रार सुरू झाली असेल तर पहिल्यांदा हाउसिंगवरचा बाण आणि चाकाची दिशा बघा. व्हीएफडी (मोटरचा स्पीड कमीजास्त करणारा ड्राइव्ह) असेल तर आणखी एक गंमत होते, व्हीएफडीवर दिशा बरोबर आणि बायपासवर टाकलं की उलटी, कारण व्हीएफडी आपला फेजचा क्रम स्वतः तयार करतो आणि बायपासमध्ये थेट लाइनचा क्रम येतो. म्हणून दोन्ही मोडमध्ये तपासा.

दुसरं कारण बेल्ट. ढिला बेल्ट घसरतो, पुलीच्या खाचा चकचकीत झालेल्या दिसतात, खाली काळी पावडर पडलेली असते. पुली झिजली असेल तर नवीन बेल्टही खोल बसतो आणि स्पीड कमीच राहतो. तिसरं, ब्लोअरच्या पात्या. पुढे वळलेल्या बारीक पात्यांच्या चाकात धूळ भरली की पातीचा वाक भरून निघतो आणि ती हवा पकडतच नाही. नुसतं बघून हे कळत नाही, मशीन बंद आणि लॉक करून पातीच्या आतून बोट फिरवा.

स्पीड वाढवून टाकला तर सुटेल ना सगळं?

कधीकधी सुटतं, पण आधी अँपिअर मोजा. स्पीड १० टक्के वाढवला तर हवा १० टक्के वाढते, प्रेशर २१ टक्के वाढतं आणि मोटरवरचा लोड जवळजवळ ३३ टक्के वाढतो. म्हणजे थोड्याशा हवेसाठी मोटर प्लेटवरच्या अँपिअरच्या वर जाऊ शकते. बंद पडलेल्या डॅम्परवर किंवा भरलेल्या फिल्टरवर उपाय म्हणून स्पीड वाढवणं हे तर अगदी चुकीचं, वीज जास्त जाते, आवाज वाढतो, जवळच्या खोल्यांत वादळ येतं आणि लांबची खोली थंड ती थंडच. अडथळा काढा, मग गरज उरली तर स्पीडला हात लावा आणि नंतर परत अँपिअर मोजून लिहून ठेवा.

हीटर थोडा वेळ चालतो, मग आपोआप बंद होतो आणि ब्लोअर चालूच राहतो. कंट्रोल खराब आहे का?

बहुतेक वेळा तो हाय लिमिट स्विच, म्हणजे हवा जास्त तापली की हीटर बंद करणारा सेफ्टी स्विच, आपलं काम करतोय. हवा कमी गेली की तीच उष्णता कमी हवेत जाते आणि हवा प्रमाणाबाहेर तापते. आकड्यात बघा, ३० किलोवॉटच्या हीटरवरून सेकंदाला १ घनमीटर हवा गेली तर तापमान साधारण २५ डिग्री सेल्सिअसने वाढतं. तीच हवा ०.६ घनमीटर झाली तर वाढ ४२ डिग्रीच्या आसपास जाते. हिशोब सोपा आहे, किलोवॉटला १.२ ने भागा, आलेल्या आकड्याला सेकंदाच्या घनमीटरने भागा.

युनिटच्या प्लेटवर टेंपरेचर राइजची रेंज लिहिलेली असते. हीटरच्या आधी आणि नंतर थर्मामीटर लावा, नंतरचा थोडा पुढे, जिथून हीट एक्स्चेंजर थेट दिसत नाही तिथे, नाहीतर रेडिएशनमुळे खोटा आकडा येतो. राइज रेंजच्या वर असेल तर हवा कमी आहे किंवा बर्नर जास्त जळतोय. लिमिट स्विच बायपास करून चालवणं हा गुन्हा समजा. गॅसच्या युनिटमध्ये सतत जास्त तापून हीट एक्स्चेंजरला तडा जाऊ शकतो आणि मग जळालेला वायू, त्यात कार्बन मोनॉक्साइड, थेट डक्टमध्ये येऊ शकतो. लोकांना डोकेदुखी, मळमळ, गरगरल्यासारखं होत असेल किंवा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म वाजला तर तपासत बसू नका, माणसं बाहेर काढा, गॅस बंद करा, मदत बोलवा.

बाकी सगळीकडे ठीक आहे, एकच खोली थंड आहे. काय बघू?

फॉल्स सीलिंगची टाइल सरकवून वर बघा, शंभर गोष्टी वाचण्यापेक्षा ते बरं. डिफ्यूझरला येणारा फ्लेक्सिबल डक्ट बहुतेक वेळा तिथेच गुन्हेगार असतो. कुणीतरी केबल ट्रे टाकताना तो बाजूला दाबला, स्प्रिंकलरच्या पाइपवरून घेतला, किंवा लांबीने जास्त असलेला फ्लेक्स तसाच कोंबून ठेवला. फ्लेक्स पूर्ण ताणलेला हवा. तो आकसलेला राहिला की आतली गुंडाळी सुरकुतते आणि अडथळा कितीतरी पटीने वाढतो. दोन आधारांमध्ये एका फुटाला अर्ध्या इंचापेक्षा जास्त झोळ नको असा नियम आहे. आणि कॉलरवरून फ्लेक्स निसटून पडलेला असेल तर हात लावल्यावर सीलिंगच्या वरचीच जागा मस्त उबदार लागते.

फ्लेक्स ठीक असेल तर ब्रांच डॅम्पर. हँडल उघडं दिसतं म्हणून डॅम्पर उघडा आहे असं धरू नका, आतलं पातं शाफ्टवर सैल होऊन बंदच राहिलेलं असू शकतं. शाफ्टच्या टोकाला खाच असते, ती खाच पात्याची खरी दिशा दाखवते.

आणि फायर डॅम्पर, म्हणजे आग डक्टमधून पसरू नये म्हणून बंद होणारा पडदा. भिंत किंवा स्लॅब ओलांडताना डक्टमध्ये तो असतो आणि त्याची फ्युझिबल लिंक, साधारणपणे ७४ डिग्री सेल्सिअसची, वितळली किंवा जुनी होऊन तुटली की पडदा खाली येतो आणि पूर्ण ब्रांच बंद. आग लागलेली नसतानाही होतं. तार बांधून उघडा ठेवू नका, जिवाशी खेळ आहे तो. योग्य रेटिंगची लिंक टाकून, चालवून बघून, नोंद करून मगच पुढे जा, आणि लिंक उष्णतेने वितळली असेल तर तिथे एवढं तापमान आलंच कसं ते शोधा.

आमच्याकडे व्हीएव्ही बॉक्स आहेत. तिथे वेगळं काय?

व्हीएव्ही बॉक्स म्हणजे प्रत्येक झोनला गरजेप्रमाणे हवा कमीजास्त सोडणारा बॉक्स. कंट्रोल स्क्रीनवर त्या बॉक्सचे चार आकडे एकत्र बघा: फ्लोचा सेटपॉइंट, प्रत्यक्ष फ्लो, डॅम्पर किती टक्के उघडा आणि बॉक्समधून बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान. डॅम्पर १०० टक्के उघडा आणि फ्लो तरी कमी, म्हणजे बॉक्सला वरूनच हवा पुरत नाहीये, मेन डक्टचं प्रेशर किंवा मधला अडथळा बघा. फ्लो बरोबर पण हवा कोमट, म्हणजे रिहीटची (बॉक्सवरच्या, हवा परत तापवणाऱ्या कॉइलची) बाजू, पाण्याचा व्हॉल्व्ह अडकलाय, कॉइलमध्ये हवा भरलीये, स्ट्रेनर चोंदलाय, किंवा बॉयलरचं पाणीच थंड आहे. फ्लो शून्य दाखवतोय पण डिफ्यूझरवर हवा लागतेय, म्हणजे सेन्सरची बारीक नळी निघालीये किंवा धुळीने बंद झालीये.

रिहीट कॉइलचा हवेकडचा चेहरा कुणी बघत नाही. अॅक्सेस दार उघडून टॉर्च मारा, कागदाच्या आणि कपड्यांच्या बारीक तंतूंचा थर फिन्सवर (कॉइलच्या पातळ पट्ट्यांवर) बसलेला सापडतो, बोटाने सोलला तर सलग पापुद्रा निघतो. त्यामागे हवा कशी जाणार.

अजून एक. हिवाळ्यातही एएचयू (सगळ्या बॉक्सना हवा पाठवणारं मुख्य एअर हँडलिंग युनिट) १३ डिग्रीची हवा पाठवत असेल आणि बॉक्सचा मिनिमम फ्लो भरमसाट ठेवला असेल, तर रिहीट कॉइल आधी ती थंड हवा खोलीच्या तापमानापर्यंत आणण्यातच दमते. बाहेर थंडी वाढली की सप्लाय एअरचा सेटपॉइंट वर सरकवणारा रिसेट चालू आहे का ते बघा, आणि मिनिमम फ्लो ताज्या हवेच्या गरजेइतका आहे का तेही.

डोक्याला गरम, पायाला गार. थर्मोस्टॅट तर बरोबर दाखवतोय.

गरम हवा हलकी असते, छतातल्या डिफ्यूझरमधून हळू सोडली तर ती छतालाच चिकटून रिटर्नमधून परत जाते, खाली येतच नाही. त्यात गंमत अशी की लोक गारठतात म्हणून कुणीतरी सप्लायचं तापमान अजून वाढवतं आणि हवा अजून हलकी होते. सप्लाय खोलीपेक्षा साधारण ८ डिग्रीपेक्षा जास्त गरम नसावा हा चांगला आडाखा आहे. अॅश्रे या हीटिंग-कूलिंग इंजिनिअरांच्या अमेरिकन संस्थेच्या ६२.१ या व्हेंटिलेशनच्या स्टँडर्डमध्येसुद्धा, छतातूनच सप्लाय आणि छतातूनच रिटर्न असताना हवा त्याहून गरम सोडली तर वाटपाची परिणामकारकता १.० ऐवजी ०.८ धरतात, म्हणजे तेवढ्याच ताज्या हवेसाठी २५ टक्के जास्त हवा द्यावी लागते. १.० धरायला अटही आहे, हवेचा झोत सेकंदाला ०.८ मीटर वेगाने जमिनीपासून १.४ मीटरपर्यंत तरी पोचला पाहिजे. त्यांच्याच अॅश्रे ५५ या आरामाबद्दलच्या स्टँडर्डप्रमाणे बसलेल्या माणसाच्या डोक्याजवळ आणि घोट्याजवळ ३ डिग्रीपेक्षा जास्त फरक नको. दोन थर्मामीटर घेऊन खुर्चीशेजारी मोजायला काही मिनिटं लागतात, आणि त्यानंतर थंडी वाजते म्हणणाऱ्या माणसावर कुणी शंका घेत नाही.

उपाय म्हणजे सप्लायचं तापमान कमी करून हवा वाढवा, डिफ्यूझरचा पॅटर्न बदला, बाहेरच्या काचेजवळ हवा खाली मारणारे स्लॉट असतील तर त्यांची पाती फिरवा. उंच गोदामात छताजवळचे हळू फिरणारे पंखे लावले की वरची ऊब खाली येते, आणि युनिट हीटरची लूव्हर्स आडवी न ठेवता खाली वळवा.

मुख्य दार उघडायला जड जातं आणि उघडलं की थंड वारा आत घुसतो.

बिल्डिंग निगेटिव्ह प्रेशरला गेलीये. टॉयलेट, किचन, लॅब यांचे एक्झॉस्ट जेवढी हवा बाहेर काढतात तेवढी आत येत नाहीये, मग ती दारंखिडक्यांच्या फटींतून न तापता येते. सगळे एक्झॉस्ट चालू असताना आणि बंद असताना दार किती जड जातं ते बघा, फरक लगेच कळतो. बाहेर गेलेल्या हवेच्या बदली ताजी हवा आणणारं मेकअप एअर युनिट बंद आहे का, बाहेरच्या हवेचा डॅम्पर कुणी वीज वाचवायला पूर्ण बंद केलाय का, हे तपासा. उंच बिल्डिंगमध्ये थंडीत स्टॅक इफेक्टही असतो, गरम हवा जिने आणि लिफ्टच्या शाफ्टमधून वर जाते आणि तळमजल्यावर बाहेरची थंड हवा ओढली जाते, त्यामुळे लॉबीची तक्रार फक्त लॉबीच्या हीटरने सुटत नाही.

उलट बाहेरची हवाच जास्त येत असेल तर?

तेही होतं, इकॉनॉमायझरचा, म्हणजे थंड करायला बाहेरची हवा वापरणाऱ्या व्यवस्थेचा, डॅम्पर उघडा अडकतो. रिटर्न, बाहेर आणि मिक्स अशी तीन तापमानं घ्या. रिटर्न २१, बाहेर १, मिक्स १३ असेल तर २१ मधून १३ गेले ८, भागिले २०, म्हणजे ४० टक्के हवा बाहेरची येतेय. सेटिंग २० टक्क्यांचं असेल तर मिक्स १७ यायला हवं होतं. मिक्स तापमान एकाच जागी घेऊ नका, तिथे हवा नीट मिसळलेली नसते. सकाळी वॉर्मअपच्या वेळी, माणसं यायच्या आधी, हा डॅम्पर बंदच असला पाहिजे.

केबिनचं दार बंद केलं की केबिन थंड होते, उघडं ठेवलं की ठीक.

परत जायला वाट नाही. रिटर्न बाहेर पॅसेजमध्ये आणि केबिनमध्ये फक्त सप्लाय, दार लागलं की केबिनमध्ये प्रेशर चढतं आणि सप्लाय आत येणं कमी होतं. ट्रान्सफर ग्रिल बसवा किंवा दाराखाली फट वाढवा.

गळती कशाने बंद करायची? डक्ट टेप चालेल?

नावात डक्ट असलं तरी कापडी टेप डक्टवर टिकत नाही. लॉरेन्स बर्कली नॅशनल लॅबोरेटरीने १९९८ मध्ये गरम-थंड करून वेगवेगळ्या सीलंटच्या चाचण्या घेतल्या त्यात हीच टेप नापास झाली होती. ब्रशने लावायचं मॅस्टिक (घट्ट लेपासारखं सीलंट) वापरा, मोठी फट असेल तर जाळी टाकून, किंवा रेटिंग असलेली फॉइल टेप, आणि दोन्हीआधी पत्रा पुसून कोरडा करा.

डिफ्यूझर शिट्टी मारतो.

डिफ्यूझरच्या गळ्यातला डॅम्पर जवळजवळ बंद असेल, तो उघडा आणि हवा मागे ब्रांचच्या सुरुवातीला कमी करा. सगळेच डिफ्यूझर एकदम ओरडायला लागले तर मेन डक्टच्या स्टॅटिक सेन्सरची नळी बघा. ती निघाली की सेन्सर शून्य वाचतो आणि व्हीएफडी ब्लोअरला फुल स्पीडला नेतो.

थर्मोस्टॅटची जागा खरंच एवढी महत्त्वाची आहे का?

हो. प्रिंटरच्या वर, उन्हाच्या भिंतीवर किंवा डिफ्यूझरच्या झोतात असलेला थर्मोस्टॅट पूर्ण झोनला फसवतो. त्याच्या मागे वायर येते ते भोकही बुजवा, भिंतीच्या पोकळीतली गार हवा तिथून सेन्सरवर येते आणि झोन विनाकारण तापत राहतो.

लोक आपल्या डोक्यावरचे डिफ्यूझर पुठ्ठ्याने बंद करतात, चालेल?

नको, ती हवा दुसऱ्याच्या डोक्यावर जाते आणि तिथून नवी तक्रार येते. त्या माणसाला रागवू नका मात्र, त्याला खरंच त्रास होतोय, हवेची दिशा बदलून द्या.

सगळं दुरुस्त झालं, आता बॅलन्सिंग कसं करायचं?

फिल्टर स्वच्छ, बेल्ट नीट, सगळे डॅम्पर पूर्ण उघडे, इथून सुरू करा. प्रत्येक डिफ्यूझरचा फ्लो मोजा आणि डिझाइनच्या किती टक्के मिळतोय ते लिहा. ज्याला सगळ्यात कमी टक्के मिळतात, बहुतेक लांबचा असतो, त्याचा डॅम्पर पूर्ण उघडाच ठेवायचा आणि बाकीचे त्याच्या टक्क्याशी जुळेपर्यंत हळूहळू कमी करायचे. एक कमी केला की बाकीच्यांचे आकडे हलतात, म्हणून दुसरी फेरी लागतेच. सगळे सारख्या टक्क्यावर आले की मग ब्लोअरचा स्पीड बदलून सगळ्यांना एकदम डिझाइनवर आणा. प्रत्येक ब्रांचमध्ये एक डॅम्पर पूर्ण उघडा नसेल तर तुम्ही ब्लोअरने प्रेशर तयार करून डॅम्परने मारताय.

शेवटी डॅम्परचे नट घट्ट करा, पोझिशनची खूण करा, आणि टोटल स्टॅटिक, मोटरचे अँपिअर, टेंपरेचर राइज, फिल्टरचा ड्रॉप हे चार आकडे तारखेसकट युनिटच्या दारावर आतून चिकटवा. पुढच्या थंडीत जो कोणी ते दार उघडेल त्याला तुलना करायला काहीतरी हातात असेल.